सहावी तार

"घाला की ती सहावी तार," अंबुबाई म्हणाली. "तिला काय सोनं लागायलंय?"

धुळाप्पाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याच्या डाव्या हातात बोटभर लांबीची पितळी नळी होती आणि चिमट्याने तो तिच्यात तारा सारत होता. मधे तांब्याची एक, तिच्याभोवती पितळेच्या पाच. सहावीची जागा मोकळी. मग नळीत काळी लाख ओतायची आणि ती थंड झाली की करवतीच्या पात्याने तुकडे पाडायचे. असा एकेक तुकडा, म्हणजे खिळा, सुरीच्या लाकडी मुठीत आरपार बसला की मुठीवर फूल उमटायचं. त्या फुलाची एक पाकळी नेमकी काळी दिसायची.

आठवड्याचे सहा दिवस तो बिदरला मोटार वायंडिंगच्या दुकानात राबे. हे खिळे रविवारचे, कमठाण्याच्या घरी ओसरीवर बसून करायचे. सुऱ्या बनवणारा सोमशेखर ते घेऊन जाई. काल तो तोंड वाकडं करूनच आला होता.

"काय म्हणला सोमशेखर, ध्यानात हाय ना?" अंबुबाई काही सोडायला तयार नव्हती. "गिऱ्हाईक फुटकं फूल म्हणायलंय. पुरं फूल द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या म्हणला."

"फुटकं न्हाई ते. खाच हाय."

खाच म्हणजे काय ते अंबुबाईला सांगायला नको होतं, तीही धनगराचीच लेक. धुळाप्पाच्या घरात कोकरू ठेवायचं ठरलं की त्याच्या डाव्या कानाला खाच पाडत, विकायचं ठरलं की उजव्या. डावी खाच म्हणजे घरचं.

अकरा वर्षांपूर्वी धुळाप्पाने आपल्या वाटणीची सगळी मेंढरं विकली आणि वायंडिंग शिकायला घेतलं. थोरला भाऊ सिद्धू त्या दिवशी जेवला नाही. "बापाची मेंढरं इकून तारा गुंडाळायलास? गुंडाळ," एवढंच म्हणाला आणि आपला कळप घेऊन निघाला. मिरगाच्या आधी सगळ्यांचे कळप माघारी आले, सिद्धूचा आला नाही. पुढे म्हैसूर स्टेटचं कर्नाटक झालं, गावात वीज आली, सिद्धू तेवढा आला नाही.

पत्र धाडावं तर सिद्धूला अक्षरओळख नाही, आणि माळरानावर पोस्टमन कुठला? म्हणून ही खाच. सुऱ्या बाजारात जातात, बाजारातून धनगरांच्या कमरेला लागतात. कधीतरी कुणाच्या तरी मुठीवर अण्णाला घरची खूण दिसेल आणि धाकटा विसरला नाही, हे त्याला कळेल. पातं वर धरलं की खाच डावीकडेच आली पाहिजे, असं धुळाप्पाने सोमशेखरला बजावून ठेवलं होतं. भावाची आठवण आली नाही असा त्याचा एक रविवार गेला नव्हता.

"धुळाप्पाचं घर हेच का?"

दारात खांद्यावर घोंगडं टाकलेला एक माणूस उभा होता. अंबुबाईने गुळाचा खडा आणि पाणी आणून दिलं. तो तांब्याभर पाणी प्याला आणि मग बोलला.

"म्या रेवणसिद्धप्पा. सिद्धूअण्णासंगं सात वर्सं कळपात होतो."

धुळाप्पा ताडकन उठला. मांडीवरच्या तारा खाली सांडल्या.

"कुठं हाय अण्णा?"

"संक्रांतीच्या अगुदर गेला." रेवणसिद्धप्पा खाली बघत म्हणाला. "थंडी छातीत बसली. निर्ण्याच्या माळावर माती दिली. घर कुठलं ते कदी बोलला न्हाई. शेवटच्या दिशी म्हणला, कमठाण्याला धुळाप्पा हाय, त्येला ही दे."

त्याने फडक्यातून सुरी काढली. धुळाप्पाने ती पातं वर करून धरली. फूल त्याचंच होतं आणि खाच डावीकडे होती.

"खूण वळखली का अण्णानं? काय म्हणायचा?"

रेवणसिद्धप्पा घुटमळला. "रागाला यायचा. हुमनाबादच्या जत्रंत घेतल्यापासनं सगळ्यांस्नी दाखवायचा. म्हणायचा, बगा, भावानं मला उजव्या कानाचा केला, इकून टाकला." आणि त्याने धुळाप्पाच्या हातातली सुरी उलटी फिरवून धरली.

त्या बाजूने खाच उजवीकडे होती.

खिळा आरपार असतो. पुढून डावं ते मागून उजवंच दिसणार! मोटारीतल्या तारेचा उलटसुलट वेढा ज्याला झोपेतही कळे, त्या माणसाला एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत सुचली नव्हती. त्याने सुरी पुन्हा सुलटी केली, पुन्हा उलटी केली.

"म्या एकाच बाजूनं बगत ऱ्हायलो," तो म्हणाला. "चुकलो गं."

अंबुबाईने त्याच्या हातून सुरी काढून घेतली. भाजी चिरायला धरावी तशी तिने ती सहज मुठीत धरली आणि एकदम थबकली.

"अवो, हिकडं बगा. अंगठा कसा खड्ड्यात बसायलाय."

तिने सुरी पुढे केली. सिद्धू लोकांना दाखवायचा ती उजव्या खाचेची बाजू कालच बसवल्यासारखी कोरी होती. डाव्या खाचेच्या बाजूला मात्र लाकूड अंगठ्याच्या रुंदीएवढं खोल गेलं होतं. पाकळ्याही झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, पण काळी खाच अजून ओळखू येत होती.

"व्हय," रेवणसिद्धप्पा म्हणाला. "माळावर बसलं की अंगठा फिरवत ऱ्हायचा. आमी म्हणायचो, म्हाताऱ्याला खोड हाय."

धुळाप्पाने त्या खळग्यात आपला अंगठा ठेवला. भावाचा अंगठा त्याच्यापेक्षा मोठा होता. डोळ्यांतलं पाणी त्याने पुसलं नाही.

भाकरी खाऊन रेवणसिद्धप्पा गेला. धुळाप्पाने सांडलेल्या तारा वेचल्या, नळी उचलली आणि सहावी तार चिमट्यात धरली.

"ऱ्हाऊ द्या की," अंबुबाई हळू आवाजात म्हणाली. "सोमशेखरला मी सांगते. खाच असू द्या."

"आता कुणाला दाखवायची?"

त्याने तार मोकळ्या जागेवर लावली आणि अंगठ्याने दाबली. ती घट्ट गेली. मग लाख वितळवायला त्याने शेगडीतले निखारे फुंकले.