आडवी रेघ

"शून्य लिहू नका," साहेब म्हणाले. "कागद वर जायचाय. शून्य बघितलं की माणसं घाबरतात. आडवी रेघ मारा."

मी पेन धरून बसून राहिले. पुढच्या वर्षी परदेशी पर्यटक किती येतील आणि त्यांच्यामुळे परकीय चलन किती मिळेल, याचा अंदाज बांधणं हे माझं एकतीस वर्षांचं काम. साथ येऊन चार महिने झाले होते. विमानं जमिनीवर उभी होती. जुन्या साथींचे आकडे, रद्द झालेली आरक्षणं, सगळं मांडून झालं होतं. येत्या हिवाळ्याच्या रकान्यात माणसंही शून्य येत होती आणि कमाईही. मी तीनदा करून पाहिलं होतं.

आमच्याकडे शून्य आणि रेघ यांत जमीनअस्मानाचा फरक होता. शून्य म्हणजे कोणी येणार नाही. रेघ म्हणजे आकडा अजून यायचा आहे. मी नोकरीला लागले तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. घरी आणलेले कोरे तक्ते आम्ही दोघं आखायचो. मी पट्टी धरायची, त्याने रेघ ओढायची. रेघेचा अर्थ त्याला मी तेव्हाच सांगितला होता. पुढे तो परदेशी पाहुण्यांचा गाईड झाला. चार भाषा शिकला आणि चारही भाषांत आईच्या रागावण्याची नक्कल करायचा. आई हसून हसून खाली बसायची.

साहेब वाईट नव्हते. माझ्या निवृत्तीला पाच महिने उरले होते. मी रेघ मारली.

तक्ता पेपरात जसाच्या तसा छापून आला. त्याच दुपारी भावाचा कार्यालयात फोन आला. लांबच्या एका शाळेने त्याला भाषा शिकवायला बोलावलं होतं. होकार संध्याकाळपर्यंत कळवायचा होता, भावजयीने बॅगाही भरल्या होत्या.

"ताई, हिवाळ्यात रेघ आहे. तूच मारलीस ना?"

"हो."

"मग थांबतो. शून्य असतं तर गेलो असतो."

समोरच्या टेबलाशी साहेब बसले होते. मी म्हणाले, "तुझं तू ठरव बाबा."

तो हिवाळा गेला, पुढचाही गेला. शाळेतली जागा कधीच भरली होती. भावजय मुलीला घेऊन माहेरी गेली, ती तिकडेच राहिली. भाऊ रोज दाढी करून, गळ्यात गाईडचं ओळखपत्र अडकवून फोनजवळ बसायचा. एकदा मी गेले तर तो भिंतीकडे बघून परक्या भाषेत कुणाचं तरी स्वागत करत होता. मला पाहून ओशाळला. "जिभेला गंज चढतो गं," म्हणाला.

शेवटी एका सकाळी सगळं सांगायचंच असं ठरवून मी त्याच्याकडे गेले. टेबलावर पाहुण्यांच्या नोंदीची वही उघडी होती. पानामागून पान, प्रत्येक तारखेसमोर पट्टीने आखलेली आडवी रेघ.

"माझं उत्तर शून्य होतं रे," मी म्हणाले. "साहेब म्हणाले म्हणून रेघ मारली. फोनवर तुला सांगता आलं असतं. नाही सांगितलं."

त्याने वही जवळ ओढली. पट्टी उचलून त्या दिवसाच्या तारखेखाली ठेवली. ती जागेवर राहीना.

"जरा धरतेस?"

मी धरली. त्याने रेघ ओढली. सरळ आली.