उन्हात ठेवलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. धारूरच्या डोंगराकडेला एक कॉलेज आहे, तिथल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. सध्या मी संडासाशेजारच्या फळीवर असते आणि माझ्या पोटात फिनेल असतं. त्याचं मला काही वाटत नाही. वाईट वाटतं ते माझ्या पारदर्शक काचेचं. तिचं सगळे फार कौतुक करायचे.

दीपमाला नावाची मुलगी तिथे संशोधन करत होती. तिने एक अजब साबण बनवला होता. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं पाण्यापासून पळतं. म्हणून पाण्यात पडलेले हे कण आपले आपणच एकत्र येतात. दीपमालाच्या साबणात ते अंधारात लांबलचक धागे बनवायचे, शेवयांसारखे एकमेकांत गुंतायचे आणि साबण घट्ट बसायचा. एका खास दिव्याचा उजेड पडला की धागे तुटायचे आणि तोच साबण पाण्यासारखा पातळ व्हायचा. पातळ झालेला मात्र पुन्हा कधी घट्ट होत नसे. तसला उजेड उन्हातही असतो, म्हणून तिने मला काळ्या कागदात गुंडाळलं होतं. वर चिठ्ठी होती, 'उजेडापासून दूर ठेवा'. पण ती इंग्रजीत होती.

वर्षभर राबून तयार झालेला सगळा साबण माझ्या पोटात होता. डिसेंबरात विद्यापीठाची समिती तो बघायला येणार होती. दोनदा मुदत वाढवून मिळाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. आदल्या दिवशी तिने मला कपाटातून काढून टेबलावर ठेवलं.

सकाळी दीपमाला पाहुण्यांना आणायला गेली. सर्जेरावमामा टेबल पुसू लागले. मामा तिथले कंत्राटी शिपाई. त्यांनी मला तिरकं केलं, तर आतलं काहीच हललं नाही. कागद सोडून पाहिलं आणि हळहळले. "लेकराचं औषध गोठलं की थंडीनं," ते म्हणाले. घरात खोबरेल तेल गोठलं की आपण काय करतो? त्यांनीही तेच केलं. मला गच्चीवर उन्हात ठेवलं, मधूनमधून येऊन हलवलं, आणि तीन वाजता कागद नीट घडी घालून पुन्हा गुंडाळला. मी ओरडू शकले नाही. ऊन अडवणं माझ्या काचेला जमलंच नाही.

समितीसमोर दीपमालाने कागद आणि बूच काढलं. "बघा सर, उलटी केली तरी सांडत नाही," असं म्हणून तिने मला उलटं केलं. सगळा साबण टेबलावरून त्यांच्या कागदांवर वाहत गेला.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

"माझ्याकडूनच उजेडात उघडी राहिली, सर."

तिची संशोधनाची नोंदणी त्याच दिवशी रद्द झाली. सगळे गेल्यावर मामा फडकं घेऊन आले.

"ताई, म्या ठिवलती उन्हात."

"माहीत हाय मामा. कागदाची घडी बघितली तवाच कळलं."

"मग कावून न्हाई सांगितलं?"

"तुमाला घरी बसवलं असतं त्यांनी. आन् तुमचं काय चुकलं? रोज पेपर वाचता तुमी. मीच मराठीत लिवलं न्हाई."

दीपमाला आता शिरूर कासारला औषधाच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या कापते. परत कधी आली नाही.

मित्रांनो, मला एवढंच मागायचं आहे. एखादी वस्तू जपायची असेल, तर ती ज्याच्या हाताखालून जाते त्याला आधी सांगा, त्याला वाचता येईल असं लिहा.

मामांनी त्यानंतर सगळ्या बाटल्यांवर मराठीत चिठ्ठ्या लावल्या. माझ्यावरही एक आहे, 'उन्हात ठेवू नये'. पोरं हसतात, "मामा, फिनेलला काय होतंय उन्हानं?" चिठ्ठी ओली होऊन सुटली की मामा नवी लिहितात.