म्बाह वागियेमनी डबा हलवला

"जरा वर बघा की मेल्यांनो," म्बाह वागियेम, म्हणजे आमच्या वागियेम आजी, पुटपुटल्या. पण इतक्या हळू, की शेजारी बसलेल्या मलाच काय ते ऐकू गेलं.

समोर सुराबायाहून आलेलं एक जोडपं सुकलेल्या कालव्याच्या तळाशी गुडघे टेकून विटा चाचपत होतं. नवऱ्याच्या हातात फोन, बायकोच्या हातात टॉर्च. भर दुपारी टॉर्च! अर्ध्या तासाने दोघं घामाघूम होऊन वर आली, म्बाहकडून केळीच्या पानात पेचेल घेऊन उभ्याउभ्या खाल्लं, आणि डबा कुणीतरी लांबवलाय असं ठरवून चालती झाली. म्बाहनी पुढची शेंगदाण्याची चटणी जरा जास्तच जोरात वाटली.

आमच्या योग्या शहराच्या सुलतानाची ही बाग पडली, त्याला काही पिढ्या झाल्या. उरल्यासुरल्या भिंतींना टेकून आमची घरं आहेत. मी बाटिकचे रुमाल विकते, म्बाह पेचेल, म्हणजे उकडलेली भाजी आणि शेंगदाण्याची चटणी, विकतात. नऊ वर्षांपूर्वी पाक हार्सोयो नावाच्या भूगोलाच्या मास्तरांनी इथे कालव्याच्या बिळात एक डबा लपवला. खेळ असा, की त्या जागेचे आकडे नकाशावर जगाला कळवायचे, लोकांनी फोन घेऊन शोधत यायचं, डब्यातल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवून जायचं. मास्तरांची पुढे सेमारांगला बदली झाली. जाताना त्यांनी म्बाहना एवढंच बजावलं, "लक्ष ठेवा. पण कुणी विचारलं तरी सांगायचं नाही."

म्बाहनी शब्द पाळला. डबा सापडल्यावर माणसाचं तोंड कसं उजळतं ते बघायला त्यांना फार आवडायचं. इथे येणारा बाकी प्रत्येकजण फोटो काढून जातो, हे लोक काहीतरी शोधायला येतात, असं त्या म्हणायच्या. पण नऊ महिन्यांपूर्वी, क्लिवोनचा शुक्रवार, आमच्या पंचांगातला पवित्र दिवस, बघून, त्यांनी डबा उचलला आणि अंगणापलीकडच्या दरवाजावरच्या कोनाड्यात नेऊन ठेवला. स्टूल मीच धरलं होतं, त्यामुळे या पापात माझाही वाटा आहे. तेव्हापासून एकालाही डबा सापडला नव्हता.

ते जोडपं येऊन गेलं, त्याच्या पुढच्याच रविवारी पाक हार्सोयो स्वतः आले. केस पिकले होते, आवाज मात्र अजून वर्गातलाच होता.

"म्बाह, अकरा जणांनी कळवलंय, डबा नाही म्हणून. आज सापडला नाही तर नकाशावरून काढून टाकतो. उगाच लोकांना हेलपाटे कशाला?"

"सापडेल कसा? मी हलवलाय."

"हलवलाय? कुठे?"

"शोधा की. तुम्हीच म्हणाला होता, सांगायचं नाही."

मला हसू आवरेना. मास्तर माझ्याकडे वळले. "रेत्नो, तू तरी सांग."

"माझं नाव घेऊ नका हो, मी रुमाल विकते."

शेवटी म्बाहनी हनुवटीनेच दरवाजा दाखवला. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अहो, फोन त्यांना बरोबर जुन्या बिळापाशी नेतो! आकडे तिथले आहेत!"

"मला काय माहीत तुमचे आकडे? मला वाटलं, आज ना उद्या मान वर करतील."

"पण हलवला कशासाठी?"

म्बाहनी बत्ता खाली ठेवला. "मास्तर, वहीत माणसांची नावं आहेत. आणि वरून लोक चपला घालून चालतात. आपण उशीवर बसत नाही, का, तर डोकं टेकायची जागा असते ती. आणि माणसाचं अख्खं नाव पायाखाली?"

"भावना कळते मला. पण खेळाचा नियम आहे. डबा मूळ जागी गेला पाहिजे, नाहीतर बंद."

"मग बंद करा."

इतकं सरळ उत्तर मास्तरांना अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. इतकी वर्षं ज्याची राखण केली, त्यावर ही बाई एका शब्दात पाणी सोडत होती.

"माझ्या माणसाने या बागेत अडतीस वर्षं झाडू मारला," म्बाह म्हणाल्या. आवाज जरासुद्धा हलला नाही. "साकिमिन. कुठल्या भिंतीवर, कुठल्या कागदावर ते नाव नाही. नसू दे. पण ज्यांची लिहिलीत ती मी गटारात जाऊ देणार नाही."

मास्तर दरवाजापाशी गेले, माझं स्टूल मागून घेतलं आणि डबा खाली काढला. बाटिकच्या तुकड्यात वही नीट गुंडाळलेली होती. तिथेच बसून त्यांनी ती पहिल्या पानापासून चाळली. मग खिशातून पेन काढलं.

"म्बाह, साकिमिन यांचं नाव लिहू इथे?"

मी मनात म्हटलं, लिहा, लगेच लिहा.

म्बाहनी मान हलवली. "नको. ते शोधायला नव्हते आले. झाडायला आले होते."

मास्तरांनी पेन परत खिशात ठेवलं. डबा कोनाड्यात गेला. ते दरवाजाखाली फोन धरून उभे राहिले, दोनदा, तीनदा आकडे तपासले, आणि नकाशावर जुनी जागा खोडून नवी घातली. निघताना म्हणाले, "मूळ जागेचा नियम मीच केला होता, म्बाह." म्बाहनी त्यांना पेचेल बांधून दिलं, मिरची जास्त घालून.

चौथ्या दिवशी मालांगची एक मुलगी आली, एकटीच. फोन बघत ती थेट दरवाजाखाली गेली, गोल गोल फिरली आणि मग तिने मान वर केली. हात पुरेना. मी पुढे केलेल्या स्टुलावर टाचा उंचावून तिने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि डबा हळूच खाली घेतला.

म्बाहच्या पुढ्यात तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती. त्यांनी बत्ता ठेवला, बाकावरून उतरल्या आणि राजवाड्यात थोरांपुढे बसतात तशा खाली जमिनीवर बसल्या. मुलगी नाव लिहीत होती. ते लिहून होईपर्यंत म्बाह उठल्या नाहीत.