तळाची पानं पिवळी पडतात तेव्हा

मी भरतपूरकडच्या एका शेतातली, पिकत आलेली मोहरी आहे. मित्रांनो, माझी तळाची पानं पिवळी पडली आहेत, पण मी आजारी नाही. या पिवळेपणापायी माझ्यावर मोठं संकट येऊन गेलं, ते सांगते.

मी वीतभर होते तेव्हा शेतमालकाच्या घरच्या सुनेने, संतराने, मला पहिल्या पाण्याबरोबर युरिया दिला. त्यातलं नत्र मी अधाशासारखं प्यायले आणि बहुतेक सगळं पानांत साठवून ठेवलं. पानं चांगली रुंद, हिरवीगार झाली. संतराची सासू भगोती येताजाता मला कुरवाळायची. सून भाजीला पानं खुडू लागली की तिला म्हणायची, "बस झालं, तिलाही राहू देत की!" मला भारी सुख वाटायचं.

मग फुलं आली, शेंगा धरल्या. दाण्यांना नत्र हवं आणि जमिनीतून तर आता थोडंच मिळत होतं. मी तळाच्या पानांतली शिदोरी सोडली आणि खोडातून वर शेंगांकडे धाडली. मग ती पानं पिवळी पडणारच.

भगोतीला मात्र मी उपाशीच वाटले. ती युरियाची पाटी घेऊनच शेतात आली.

"अम्मा, पाटी खाली ठेवा आधी!" संतरा धावली.

"डोळे फुटले का तुझे? भुकेने पिवळी झालीय बिचारी."

"गेल्या वर्षीही हेच म्हणून युरिया टाकलात. मोहरी माजून मऊ पडली, शेंगांवर माव्याची कीड बसली, वर पीक लोळलं. वर्षभर तेल विकत आणलं आपण."

"तेव्हा वारं सुटलं होतं."

"वारं काय आपल्याच शेतात शिरलं?"

संतराने माझी एक शेंग सोलून सासूच्या तळहातावर ठेवली. दाणे टपोरे होते.

"खालच्या पानांतलं काढून वर शेंगांना वाढतेय ती. तुम्ही नाही का, आम्हाला गरम रोटी वाढता नि स्वतः गार खाता?"

"लाडीगोडी पुरे," भगोती म्हणाली, पण गालात हसली. "चल, गव्हाला पाणी सोडलंय, तिकडे टाकू."

आता माझ्या शेंगा वाळू लागल्या आहेत. गळलेल्या पानांत थोडं नत्र राहिलंच, ते मातीला मिळेल. मित्रांनो, मला द्यायचं ते लहानपणी द्या. पुढची वाटणी माझ्यावर सोडा.

काल भगोतीने माझं एक गळलेलं पान उचललं, उलटसुलट पाहिलं आणि हलकेच माझ्या पायाशी ठेवलं. म्हणाली, "टेक आता निवांत. लेकरं भरली तुझी."