पानामागे एक ओळ

आत्याच्या जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली तेव्हा तिने मला फोन केला आणि कसलीही विचारपूस न करता म्हणाली, "तू एवढी शिकलीस ना? मग ये."

तिने नवा कॉम्प्युटर आणला होता, पण त्याची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी. विणकामाचे नमुने काढायचा तिचा प्रोग्राम त्यावर चालेना. प्रोग्राम ओपन-सोर्स, म्हणजे कोणा भल्या माणसाने लिहून सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला. ज्याला हवं त्याने दुरुस्त करावा. तो 'ज्याला' म्हणजे मी, हे आत्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

घाईचं कारण मला ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी माझे बाबा भरल्या घरात म्हणाले होते, "हिच्या स्वेटरच्या बाह्या नेहमी आखूड!" तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद. आता बाबांचा पासष्टावा वाढदिवस दोन महिन्यांवर आला होता आणि आत्या स्वेटर विणणार होती. माफी मागणं तिच्या रक्तात नाही. काय बोलायचं ते स्वेटरच बोलणार होता.

दोन आठवडे मी डोकं आपटलं. खिडकी उघडली तर बटणं गायब, बटणं आली तर छपाई नाही. छपाईशी झटताना एक जुनी चूक सापडली: छापताना प्रत्येक पानावरची नमुन्याची शेवटची ओळ प्रोग्राम गिळत होता. ती दुरुस्त करून मी स्वतःची पाठ थोपटली. आत्याला सांगितलं नाही. तिला त्यातलं काय कळणार, असं मला वाटलं. मूर्ख मी.

आत्याचे डोळे अधू, म्हणून नमुन्यातले टाक्यांचे चौकोन मोठे छापायचे. एका बाहीचीच बारा पानं झाली. कागद सांगेल तसं तिने जाड लोकरीत विणलं.

वाढदिवसाला बाबांनी स्वेटर घातला. तळवे बाह्यांत गडप, बाहेर नुसती बोटं.

आत्या पांढरीफटक पडली. "शक्यच नाही. तो प्रोग्राम पानामागे एक ओळ खातो. भांडणानंतर मीच शोधून काढलं. तेव्हापासून प्रत्येक पानाला एक ओळ जास्त काढते मी."

बारा पानं, बारा ओळी, चार बोटं लांबी.

"ती चूक मी काढून टाकली," मी पुटपुटले. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

बाबांनी लोंबत्या बाह्या वर धरल्या. "आखूड नाहीत, हे मान्य."

"सहा वर्षं लागली हे म्हणायला?"

"तू तरी कुठे बोललीस?"

"इकडे आण हात," आत्या म्हणाली आणि तिने त्यांच्या बाह्या दोनदा दुमडल्या. मला रडू आलं. ते मी केक कापायच्या गडबडीत लपवलं.

दुसऱ्या दिवशी मी ती चूक जशीच्या तशी परत घातली आणि वर टीप लिहिली: 'आत्याला विचारल्याशिवाय हात लावू नये.'

बाबांनी मात्र बाह्या उसवू दिल्या नाहीत. आठवड्यातून दोनदा तो स्वेटर घालून ते आत्याकडे जातात. घरून निघताना बाह्या दुमडत नाहीत. तिच्या दारात उभे राहून हात पुढे करतात.