सिस्टरांची ओटी

निरोप समारंभाच्या पत्रिकेत तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं, 'भेटवस्तू आणू नयेत.' यशोदाबाई विजयकरांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि तरीही कापडी पिशवीत तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड आणि हिरवा खण भरलाच.

"आई, सिस्टरांची कुठे ओटी भरतात का?" सून मधुराने विचारलं. "त्यांना ना नवरा, ना सासर. आणि तुम्ही..." ती अडखळली.

"आणि मी विधवा. ठाऊक आहे मला. पिशवीचे बंद घट्ट बांध."

गिरगावातल्या त्या मिशनच्या शाळेत यशोदाबाईंनी एकतीस वर्षं मराठी शिकवलं होतं. शाळा चालूच राहणार होती. वरच्या मजल्यावरचं सिस्टरांचं घर तेवढं बंद होत होतं. एके काळी तिथे चौदा जणी होत्या. संध्याकाळी त्यांची प्रार्थना सुरू झाली की खालच्या वर्गात वह्या तपासणाऱ्या यशोदाबाईंना उठायची वेळ कळे. आता तिघीच उरल्या होत्या, तिघी थकलेल्या. दुपारी त्यांना नाशिकच्या वृद्ध सिस्टरांच्या घरी जायचं होतं. त्यांतल्या सिस्टर लुद्विना मूळच्या वसईच्या, यशोदाबाईंच्या वेळच्या मुख्याध्यापिका.

त्यांच्याशी बोलायचं एक राहून गेलं होतं. एकोणीसशे एकोणनव्वदच्या संक्रांतीला शिक्षकांच्या खोलीत हळदीकुंकू होतं. नव्यानेच आलेल्या सिस्टर लुद्विना हौसेने येऊन रांगेत बसल्या. यशोदाबाई हळद लावत लावत त्यांच्यापाशी पोचल्या. सिस्टरांनी हात पुढे केला. यशोदाबाई क्षणभर थांबल्या आणि शेजारच्या बाईंकडे वळल्या. सिस्टरांना चालेल की नाही कोण जाणे, असं त्यांनी तेव्हा मनाला सांगितलं. पण ते खरं नव्हतं. सवाष्णींत त्यांना धरायचंच नाही, म्हणून हात आपोआप वळला होता. सिस्टरांनी पुढे केलेल्या हाताने डोक्यावरचं वस्त्र सारखं केलं आणि त्या हसून म्हणाल्या, "मला तिळगूळ पुरे." पुढच्या संक्रांतीपासून त्या दारातूनच बघत आणि ऑफिसात परत जात.

अकरा वर्षांपूर्वी यशोदाबाईंचे यजमान गेले. त्या वर्षी बिल्डिंगमधल्या हळदीकुंकवात त्यांच्यापुढून कुंकवाची कोयरी तशीच पुढे गेली. तेव्हा त्यांना तो पुढे आलेला हात आठवला. फोन करावा असं कितीदा मनात आलं, पण करून बोलणार काय?

समारंभ साधाच झाला. मुलींनी प्रार्थना म्हटली आणि म्हणता म्हणता पुढच्या रांगेतल्या रडू लागल्या. तिघींतल्या सिस्टर इनेज काठी आपटत म्हणाल्या, "ए, रडता काय गं? नाशिकला चाललोय, स्वर्गात नाही!" हसता हसता हॉलमधल्या आणखी चारजणींना रडू आलं.

मग सगळे गाडीकडे निघाले. तिघींच्या मिळून तीन बॅगा, बस्स. यशोदाबाईंनी सिस्टर लुद्विनांना जिन्याखाली गाठलं.

"सिस्टर, ओटी भरायची आहे तुमची."

"विजयकर बाई, आम्हाला भेट घेता येत नाही. पत्रिका वाचली नाहीत?"

"वाचली. ही भेट नाही. घरातून बाई निघाली की आम्ही ओटी भरतो." त्यांनी पिशवीचे बंद सोडले. "त्या संक्रांतीला मी तुमच्यावरून पुढे गेले."

सिस्टरांनी पिशवीतल्या नारळाकडे पाहिलं. "अबोली साडी होती तुमची," त्या म्हणाल्या. "वाईट वाटलं होतं मला. खोटं कशाला बोलू?"

"चुकलं माझं."

"एवढी वर्षं लागली?"

"लागली."

सिस्टरांनी खांद्यावरची पिन काढली आणि करड्या साडीचा पदर दोन्ही हातांनी पुढे धरला. यशोदाबाईंनी आधी हळद लावली, मग ओंजळीने तांदूळ घातले, वर नारळ, सुपारी, हळकुंड ठेवलं. खणापाशी सिस्टरांनी मान हलवली. "तो नको. नियम आहे. तांदूळ-नारळाचं काहीतरी करून नाशिकला सगळ्या मिळून खाऊ."

गाडीतून सिस्टर इनेज ओरडल्या, "काय गं लुद्विना, जाताना नारळ दिला वाटतं तुला!"

"हो, आणि तुला तो किसायचाय!" लुद्विनांनी उलट ओरडून सांगितलं. मग पदरातले चार दाणे चिमटीत उचलून त्यांनी यशोदाबाईंच्या तळहातावर परत ठेवले. "असंच करतात ना? दारातून बघितलंय."

यशोदाबाईंनी मूठ मिटली. गाडी फाटकाबाहेर पडली. सगळे हात हलवत होते. यशोदाबाईंना डावाच हलवता आला.

घरी आल्यावर खण कपाटात गेला. मधुरा कुकर लावत होती. यशोदाबाईंनी तांदळाच्या डब्यावरचं झाकण काढलं आणि त्यावर मूठ उघडली. दाणे घामाने तळहाताला चिकटले होते. त्यांनी ते एकेक करून सोडवले आणि डब्यातले तांदूळ हाताने खालवर केले.

"घेतली का हो सिस्टरांनी ओटी?" मधुराने विचारलं.

"घेतली," यशोदाबाई म्हणाल्या. "खण सोडून."