खिंडीतला अनाथेमा

"माझ्या बापाचं नाव काढ त्या पाटीवरून," एव्हान्थिया म्हणाली. बेकरीतून ती तशीच आली होती, कोपरापर्यंत पीठ.

गावचा अध्यक्ष पानागोस शिडी धरून उभा होता. "काकू, नाव काढलं तर उरतं काय? नुसते धोंडे. धोंडे बघायला यानिना शहरातून कोण येतंय?"

*पाटी, ओळ पहिली. अनाथेमा : तीव्र तिरस्कार, शाप. मुळात : देवापुढे ठेवलेली वस्तू.*

एव्हान्थियाने ती वाचली नाही. शब्दाचा अर्थ तिच्या पायांना ठाऊक होता. खिंडीतून जाणाऱ्याने दगड उचलायचा, "थ्रासोसला अनाथेमा" म्हणायचं आणि ढिगावर फेकायचा. तिची आई तिला शाळेत न्यायची ती खालच्या ओढ्यातून. उन्हाळ्यात साप, थंडीत गुडघाभर बर्फ. तरी तिथूनही ढीग दिसायचाच. पोर वाढावं तसा वाढत होता मेला.

*ओळ दुसरी. खेचरवाला थ्रासोस याने युद्धात गावाचं लपवलेलं पीठ शत्रूला दाखवलं.*

"दाखवलं," ती म्हणाली. "पाठीला बंदूक लावली होती, ते कुठं लिहिलंय? तुझा आजा तेव्हा कुठं होता रे?"

"डोंगरात. लढत होता."

"लपला होता. आणि सगळं निवल्यावर पहिला दगड त्याचा. तेव्हा बरा नेम लागला."

पानागोसने शिडीकडे पाहिलं.

यानिनाहून आलेल्या प्राध्यापिका मध्ये पडल्या. आवाज मऊ, लोण्यासारखा. "खरं म्हणजे मुळात हा शब्द वाईट नाही हो. आधी देवाला वाहिलेलं, मग देवाच्या हवाली केलेलं, मग माणसांनी टाकलेलं..."

"बाई, तुमच्या वडिलांना वाहिलंय का असं कुणी?"



*ओळ तिसरी. पाहुण्यांनी प्रथेप्रमाणे एक दगड टाकावा.*

ही मात्र तिने वाचली. दोनदा.

मग ती ढिगावर चढू लागली. दगड निसटत होते, गुडघा सोलला. पानागोस खालून हाका मारत राहिला. ती माथ्यावर जाऊन बसली, चपला नीट केल्या, पदर सावरावा तसा एप्रन सावरला.

बस आली. पाहुणे उतरले. प्रत्येकाच्या हातात एकेक पांढरा दगड, पंचायतीने धुऊन वाटलेला.

"काकू, खाली या. लोक आलेत."

"त्यांच्यासाठीच बसलेय. टाका म्हणावं. प्रथा आहे."

कुणी हलेना. एकाने कॅमेरा खाली केला. एका बाईने दगड हळूच पर्समध्ये ठेवला. पाठोपाठ बाकीचे कुठे कुठे ठेवत गेले, खिशात, बसच्या पायरीवर, गवतात.

पानागोसच्या हातात त्याचा दगड होता. त्याने तो या हातातून त्या हातात घेतला, आणि तसाच उभा राहिला.